दोन बेटांमधला सव्वा तास

बाबांनी तीस वर्षं दारव्हा ते नेर प्रवासी जीप चालवली, पण किती वाजता पोचणार हे कधी तोंडातून काढलं नाही. कुणी विचारलंच तर ‘निघालो’ एवढंच सांगायचे. लग्नानंतर एकदाच ते आईला ‘बारापर्यंत येतो’ म्हणून गेले होते. त्या दिवशी जीप नाल्यात उलटली आणि दोन माणसं गेली. आई बारापासून दारात उभी होती. आई आता नाही, बाबांचा नेम मात्र अजून आहे.

आणि मला शहाणपणा दाखवल्याशिवाय अन्न पचत नाही. धाकटी बहीण मालदीवमध्ये नर्स आहे. गेल्या पावसाळ्यात तिची एका बेटावरून पार दक्षिणेकडच्या बेटावर बदली झाली. ती निघणार त्या सकाळी मी मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली आणि बाबांना वाचून दाखवलं. पाचशेच्या वर किलोमीटर, सगळे समुद्रावरून, आणि वेळ फक्त सव्वा तास. तेवढा वेळ तर तुमची जीप भरायलाच लागायचा, असंही वर म्हणालो.

बाबा हसले नाहीत. “कायले सांगतं मले?” एवढं म्हणून ते अंगणात बाजेवर जाऊन बसले.

साडेदहाला तिचा निरोप आला, ‘बसली’. पावणेबारा झाले, बारा झाले. फोन लावला तर बंद. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं आहे, असं म्हणून मी अर्धा तास काढला. ती पळवाट खोटी होती. निरोप तर आपल्याच घड्याळात साडेदहाला आला होता. एक वाजता बाबा बाजेवरून उठले आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. मला भीती वाटत होती आणि स्वतःची चीडही येत होती. मी वेळ सांगितली नसती, तर ती टळून गेली हे त्यांना कळलंही नसतं.

तीनला फोन वाजला. तो घेऊन मी घरामागं गेलो. खाली नुसते ढग होते, ती सांगत होती, बेट दिसतच नव्हतं. विमान दोनदा खाली गेलं, दोनदा वर उचललं, आणि शेवटी जिथून निघालं तिथंच परत आणलं.

“दादा, बाबाले पोचली म्हणूनच सांग,” ती म्हणाली. “उद्या पुन्हा बसा लागते.”

मी पुढं येऊन बाबांना सांगितलं, पोचली. त्यांनी मान हलवली आणि जेवायला वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, “आज किती वाजता उडते ते?”

मी हातातल्या फोनकडे पाहिलं.

“पोचली असती तं तू फोन खिशात टाकला असता. कालपासून हातातच धरून आहे.”

नऊला, मी म्हणालो.

“पोचाची वेळ सांगू नोको.” ते उठले, भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि कपाटात ठेवून दिलं.

नऊला ‘बसली’ असा निरोप आला. मी फोन बाजेवर पालथा ठेवला आणि बाबांशेजारी बसलो. सव्वा तास केवढा असतो, हे आता दोघांनाही घड्याळाशिवाय कळत होतं.