चार मागण्यांचा कागद

कोणत्याही पक्षाचं पत्रक हातात आलं की वासुदेव रामटेके आधी खिशातलं पेन काढायचे आणि त्यातली नावं खोडायचे. नेत्याचं नाव, पक्षाचं नाव, 'यांच्या अथक प्रयत्नांनी', 'यांच्या नेतृत्वात', सगळं. मग कागद माझ्यापुढे सरकवायचे. "आता वाच बाई. काय उरलं?" बहुतेक वेळा 'करण्यात आली' एवढंच उरायचं.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वार्ताहर म्हणून नवी होते. रामटेकेंना सगळे भाऊ म्हणायचे; ते दुसऱ्या पेपरचे, माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे. तहसीलसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं, पोट त्यावर चालायचं. खेड्यांतून अर्ज घेऊन आलेली माणसं तिथे टेकायची आणि भाऊंना बातम्या तिथेच मिळायच्या. आम्ही तशी स्पर्धक माणसं, पण मला बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं. पुढे मी पेपर सोडून मोबाइलवरच्या एका चॅनलला गेले. त्यावर ते एवढंच म्हणाले, "जा. पन लोकायले अर्धं नको दाखवू."

धान कापणीच्या दिवसांत जंगलाला लागून असलेल्या एका गावात सुमन नावाच्या बाईला वाघाने मारलं. गावाचं नाव लिहीत नाही; तिथल्या लोकांना बातमीत यायचा वीट आलाय. सुमन सरपण आणायला गेली होती. गावाच्या अगदी कडेला रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं माणसाच्या डोक्याहून उंच वाढली होती, त्यांतच वाघ बसला होता.

मी पोचले तेव्हा निषेध म्हणून गावाने मृतदेह रस्त्यावरच ठेवला होता आणि तालुक्यातल्या दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं दोन बाजूंना उभी होती. एका बाजूला आमदाराविरुद्ध घोषणा, दुसऱ्या बाजूला आधीच्या सरकारविरुद्ध. चॅनलच्या संपादकांचा फोन आला, माणसं भिडली का, भिडली की लगेच पाठव. थोड्या वेळाने भिडलीच. मिनिटभराची ढकलाढकली, एकाचा सदरा फाटला. मी शूट केलं.

भाऊ त्या गर्दीत नव्हते. ते मृतदेहाजवळ बसलेल्या बायकांमध्ये मांडी घालून बसले होते. सरपणाला कुठे जाता, किती वाजता, पहाटे शौचाला कुठल्या वाटेने, असं एकेक विचारत होते. सुमनची जाऊ कमलाबाई, ती रडत नव्हती, तीच उत्तरं देत होती. आधी ही झुडपं कापा, असं तिने तीनतीनदा सांगितलं. भाऊंनी एका कोऱ्या अर्जाच्या पाठीवर चार मागण्या लिहिल्या. गावाभोवतीची झुडपं कापायची. घरोघरी गॅस वेळेवर द्यायचा. शेताच्या वाटेवर दिवे लावायचे. जंगलात जाणाऱ्या बायकांसोबत वनरक्षक द्यायचा.

मग ते दोन्ही पुढाऱ्यांना आणि वनखात्याच्या साहेबांना शाळेच्या वर्गात घेऊन गेले. मी दारात उभी होते. कित्येक वर्षं एकमेकांशी न बोललेली ती दोन माणसं पोरांच्या एका बाकावर अंग चोरून बसली. भाऊ म्हणाले, "झगडा करा, मी नाई म्हनत नाई. निवडनुकीत करा. वाघ काई मतदार यादी पाहून येत नाई." तासाभरात तिघांच्याही सह्या झाल्या. त्याचाही व्हिडिओ मी काढला. त्यानंतर गावाने सुमनला उचललं.

मी दोन्ही व्हिडिओ पाठवले. चालला तो फाटक्या सदऱ्याचा. दिवसभर तोच. भाऊंच्या पेपरनेही ढकलाढकलीचा फोटो छापला आणि चार मागण्या जागेअभावी गाळल्या. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे कार्यकर्ते आपापल्या पुढाऱ्याला विचारू लागले, आपल्या माणसावर हात पडला आणि तुम्ही त्यांच्याबरोबर सही कशी केली? एकाने दबावाखाली सही केल्याचं सांगितलं. दुसऱ्याने मागण्या मुळात आपल्याच असल्याचं पत्रक काढलं. काम कोणाच्याही नावाने सुरू केलं तरी दुसरा बंद पाडणार, म्हणून साहेबांनी ते सुरूच केलं नाही.

भाऊ तो कागद घेऊन हिवाळाभर दोन्ही घरांचे उंबरठे झिजवत राहिले. एकदा मी सोबत होते. पहिल्या पुढाऱ्याने चहा दिला आणि म्हटलं की तुमचं बरोबर आहे भाऊ, फक्त माझ्या नावाने सुरू करा. दुसऱ्यानेही चहा दिला आणि तेच म्हटलं. बाहेर आल्यावर भाऊंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "मानसं वाईट नाईत बाई," ते म्हणाले. "यायले आपन झगडतानाच पाहतो, मंग थे झगडूनच राह्यतेत."

मोहफुलांच्या दिवसांत कमलाबाईही वाघाच्या तोंडी गेली. त्याच झुडपांत, सकाळी.

मी पोचले तेव्हा भाऊ तिच्या अंगणात भुईवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे झुडपं तिनंच सांगतली होती. मी फक्त लिवली." मग विचारलं, "तू तो मारामारीचा काऊन पाठवला?"

मी म्हटलं, संपादकांनी मागितला होता.

"मागतलाच असन," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि मला तेच सहन होईना. "पन पाठोनारी तू होती नं बाई."

त्याच दुपारी त्यांनी कोणाकडून तरी कुऱ्हाड मागून घेतली आणि झुडपं तोडायला लागले. सहा-सात बायका मदतीला आल्या. वनरक्षक आले, काम थांबवलं, नावं लिहून घेतली. संध्याकाळपर्यंत यामागे कोणता पक्ष आहे, अशी चर्चा दोन चॅनलवर सुरू झाली होती. त्यांतलं एक माझं होतं.

त्यानंतर भाऊंनी बातमी लिहिली नाही. पावसाळ्यात चंद्रपूरच्या दवाखान्यात त्यांचं हृदय बंद पडलं. तहसीलच्या चौकात दोन्ही पक्षांनी श्रद्धांजलीचे फ्लेक्स लावले. दोन्हींवर भाऊंचा एकच फोटो होता आणि 'आमचे मार्गदर्शक' असं लिहिलं होतं.

मी चॅनल सोडलं. मागच्या आठवड्यात त्या गावात गेले होते. झुडपं तशीच आहेत. गॅस आलाय, पण एकाच पक्षाच्या घरांना. कमलाबाईची सून सरपणाला निघाली होती, सोबत आणखी चौघी. तिने माझ्या हातातला मोबाइल पाहिला आणि विचारलं, "शूटिंग कराले आल्या का चालता आमच्या संगं?"

मी मोबाइल पिशवीत टाकला. वाघाला माणसांची चाहूल लागावी म्हणून तिथून सगळ्याच मोठ्याने बोलत जातात. आम्हीही गेलो, सहाजणी, एकाच वेळी, जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात. कोण काय बोलतंय ते एकीलाही कळत नव्हतं.