दोन वर्तुळांमधली जागा

भूकंपानंतर पाच-सहा वर्षांनी मी नांदेडहून लातूर जिल्ह्यातल्या एका पुनर्वसित गावाच्या शाळेत रुजू झाले. तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. गणित-विज्ञानापुढं माझ्या इतिहास-भूगोलाला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. म्हणून शिक्षण खात्याच्या साहेबांच्या तपासणीत काहीतरी करून दाखवायचंच, असं मी मनावर घेतलं.

ड्रॉइंग पेपरवर ताट ठेवून मी एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढली. डावीकडं जुनं गाव, उजवीकडं नवं, आणि दोन्हीकडं सारखं असेल ते मधल्या जागेत. पोरांनी डावीकडं माळवदं, दगडी भिंती, बोळ लिहिले. उजवीकडं सिमेंटची घरं, सरळ रस्ते, नळ. मधली जागा रिकामीच राहिली. गाव किती बदललं, म्हणून मी खूश झाले.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उठली आणि मधे लिहून गेली : आमची घरं शेवटी.

मला कळेना. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "बाई, जुन्या गावात बी आमची बौद्धांची घरं गावाच्या भाईर होती. हितं बी शेवटच्याच लाइनीत हायेत."

मी हादरले. सगळं गाव नव्यानं आखून वसवलेलं, तरी हे बाहेर असणं तेवढं जसंच्या तसं उचलून आणलं होतं. आणि मी रोज त्याच सरळ रस्त्यांचं कौतुक करत शाळेत येत होते. माझे डोळे फुटले होते का?

मुख्याध्यापकांनी तक्ता पाहिला आणि साहेबांपुढं हे नको म्हणून बजावलं. मी भांडायला हवं होतं. त्याऐवजी घरी जाऊन नवा तक्ता काढला आणि मधे लिहिलं, 'मराठी भाषा'. नोकरी नवी होती, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना तक्ता फार आवडला. मधलं कोण वाचतं, असं विचारून त्यांनी नेमकं तिलाच उठवलं. ती खरं बोलेल याची मला भीती वाटत होती, आणि तिनं बोलावं असंही वाटत होतं.

ती तक्त्यापुढं जाऊन क्षणभर बघत राहिली. मग तिनं खणखणीत आवाजात वाचलं, "मराठी भाषा." साहेबांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. जागेवर परतताना ती माझ्यापाशी थांबली.

"बाई, आता बरोबर हाय ना?"

मी हो म्हणाले.