राघोबाबांचा अंगठा

कोलशेतच्या राघो भोईरांचा पहिला अंगठा माझ्या फाइलमध्ये आहे. निळ्या शाईत रेघन् रेघ उमटलेली. जठराचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता आणि नेहमीच्या औषधांनी गुण येत नव्हता. काही गोळ्या आणि सलाइनमधून द्यायचं एक नवं औषध, ही दोन्ही एकत्र दिली तर काय होतं, हे आमच्या इस्पितळात तपासत होते. मी त्या चाचणीची नर्स. दर तीन आठवड्यांनी पेशंटला काय त्रास होतो ते विचारून फॉर्मवर लिहायचं, हे माझं काम. त्यात मी स्वतःला फार हुशार समजत असे.

राघोबाबांची ऐन उमेदीची वर्षं मिठागरात गेली. पुढे मिठागर बंद झालं, जमिनीवर टॉवर उभे राहिले. आता मुलगा हितेश त्यांना मोठ्या गाडीतून आणायचा, पण बाबा खुर्चीच्या कडेवरच बसायचे.

‘जेवण जातं?’

‘जातंय.’

‘उलट्या?’

‘नाय.’

दुसऱ्या फेरीला त्यांच्या तळपायांची सालं निघालेली दिसली. त्यांनी हसून पाय चपलेत सरकवले. ‘मिठागरातले पाय असंच असतात, बाय.’

मी लिहिलं, ‘पूर्वीपासून’. मिठागर बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. अजून स्वतःचा राग येतो.

चौथ्या फेरीला औषधाच्या धोक्यांची नवी माहिती आली, म्हणून संमतीपत्रावर पुन्हा अंगठा हवा होता. बाबांनी तो टेकवला. कागदावर नुसता निळा डाग पडला. शाई वाढवून पुन्हा घेतला, तरी एक रेघ उमटेना. मी त्यांचा हात उलटा केला. तळवा लालभडक, बोटं गुळगुळीत, पेरांवर भेगा. तळपायांसारखीच हातांचीही कातडी त्या गोळ्यांनी सोलली होती.

‘बाबा, दुखत नाही?’

‘पेला धरवत नाय,’ ते खाली बघत म्हणाले. ‘सांगलं असतं त गोल्या बंद केल्या असत्यास ना?’

डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्याच. जखमा भरल्यावर अर्ध्या मात्रेनं सुरू करू, म्हणाले. त्याच दिवशी स्कॅनचा रिपोर्ट आला. गाठ लहान झाली होती. हितेशला रडू फुटलं. बाबा मात्र शाईचा अंगठा धोतराला पुसत माझ्याकडे बघत राहिले.

‘अर्ध्या गोल्यांनी भागंल का, बाय?’

ते कुणालाच माहीत नव्हतं. ते कळावं म्हणूनच तर आम्ही त्यांचा अंगठा घेतला होता.