रेडिओला मिळालेलं मुकं काम

बाजारातल्या कापडाच्या दुकानात माझा एक मित्र काउंटरवर उभा असतो. त्याला सगळे रेडिओ म्हणतात. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत तो सुरू होतो. तागा उलगडता उलगडता कापड धुतल्यावर किती आटेल ते सांगतो, आणि मीटरची पट्टी लावून कात्री चालवेपर्यंत गिऱ्हाइकाच्या धाकट्या जावेची चौकशीही उरकून घेतो. पडद्याचं कापड घ्यायला आलेला माणूस शर्टाचंही घेऊन जातो, ते बहुधा याचं बोलणं पुरं व्हावं म्हणून.

घरी मात्र तो गप्प असतो. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, ऐकू येईनासं झालं त्याला बरीच वर्षं झाली. कानाचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून शिट्टीच जास्त वाजायची. ते कपाटात पडून आहे. मोठ्याने बोलावं तर शेजाऱ्यांना वाटतं भांडण चाललंय. "प्रेमाने चहा मागितला तरी समोरचा दार उघडून बघतो," असं तो हसत सांगायचा. वहिनींनी हळूहळू कुठे जाणंयेणं सोडलं. चारचौघांत सगळे हसले की आपणही हसायचं, आणि कशाला हसलो ते कळायचं नाही, याचा त्यांना कंटाळा आला होता.

आमची एक हौशी नाटकसंस्था आहे. मी तिथे पडदा ओढतो. त्याहून जास्त मला जमलं नसतं. या खेपेचं नाटक शाळेतल्या गणिताच्या बाई बसवत होत्या. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "काका, तुमच्या त्या दुकानातल्या मित्राला विचाराल का? म्हातारा नोकर हवाय. तिन्ही अंकांत आहे."

मला आनंद झाला. रेडिओला नाटकात काम करायची केवढी हौस, ते मला ठाऊक होतं.

"फक्त, त्याला वाक्य एकही नाही," बाई म्हणाल्या. "मी परवा चादरी घ्यायला गेले होते. ते काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण घडी घालणारे त्यांचे हात बघत बसले होते."

दुपारी दुकान रिकामं असताना मी गेलो.

"तिन्ही अंकांत?" त्याने विचारलं. "मग वाक्यं बरीच असतील."

"वाक्यं नाहीत."

"म्हणजे थोडी."

"एकही नाही."

गल्ल्यावरचे मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "घ्या रेडिओराव, घ्या. तुम्हाला दोन तास गप्प बसलेलं बघायला मी पहिल्या रांगेचं तिकीट काढतो."

सगळे हसले. तोही हसला, पण चेहरा उतरला. मला पायरीपर्यंत सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "घरात गप्प असतोच रे. आता बाहेरही गप्प बसू?"

"संध्याकाळी नाटकाचे कागद घेऊन येतो," मी म्हणालो. "वाच, आणि मग नाही म्हण."

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनी टेबलाशी मटार सोलत होत्या. माझ्या हातातल्या कागदांकडे बघून त्यांनी विचारलं, "अहो, हे काय?"

"नाटक," तो ओरडला. "काम करणार का, विचारतायत."

त्या नुसत्या बघत राहिल्या. त्याने पुन्हा तोंड उघडलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, "काही नाही."

वहिनींचे हात थांबले. "हे मात्र मला न ऐकता कळतं," त्या म्हणाल्या. "दिवसभरात तेवढंच तर सांगता मला."

त्या चिडल्या नव्हत्या. म्हणून तर मला उठून जावंसं वाटलं.

रेडिओ माझ्याकडून कागद घेऊन उभ्याउभ्याच वाचायला लागला. एका पानावर थांबला. नाटकातल्या घरचा थोरला मुलगा भांडून निघून गेलेला असतो, आणि नोकर तरीही जेवणाच्या वेळी त्याचं ताट मांडतो, ते पान.

त्याने खांद्यावर फडकं टाकलं आणि पाठ जराशी वाकवली. मटार बाजूला सारून टेबलावर तीन ताटं मांडली. तिसरं जरा सावकाश. मग दाराकडे बघितलं. बघत राहिला. नंतर ते तिसरं ताट उचललं आणि पुसायला लागला.

"कोण यायचं होतं?" वहिनींनी विचारलं.

त्याने हाताने उंची दाखवली, ओठावरून मिशीसारखं बोट फिरवलं.

"मुलगा? घरचा?"

त्याने मान डोलावली.

"रागावून गेलाय का?"

तो ताट पुसत राहिला.

"अहो, स्वच्छ आहे ते, किती पुसाल," म्हणून त्या हसल्या. मग हसू विरलं. त्या त्याच्या हातांकडे बघत होत्या. "हे कुठे आहे नाटक? मी आले तर चालेल?"

जिन्यापाशी तो मला म्हणाला, "बाईंना सांग, करतो."

मी बाईंना एवढंच म्हणालो होतो, की त्याला बोलायची फार हौस आहे. बाई मनाच्या चांगल्या. तालीम रंगात आली तेव्हा त्यांनी शेवटच्या अंकात त्याच्यासाठी चार वाक्यं लिहून आणली. चांगली होती. त्याने ती एकदा मोठ्याने म्हटली, आणि चहा पिणारे सगळे कप हातात धरून ऐकत राहिले. त्यालाही ती आवडली होती. मला दिसत होतं. मग त्याने कागदाची नीट घडी केली.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "ही दुसऱ्या कुणाला द्या. तिथे मी बोललो तर आमच्या हिचा धागा तुटेल."

प्रयोगाच्या दिवशी वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या. मध्यंतरात मी पाणी हवं का विचारायला गेलो, तर त्या शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होत्या, "तो मुलगा काही परत येत नाही. ह्यांना ते आत्ताच कळलंय. बघा ना, ताट कसं उचललं."

"हो का?" त्या बाई म्हणाल्या. "माझं लक्षच नव्हतं."

"आता ठेवा," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात घंटा झाली, आणि मला पडद्याकडे पळावं लागलं.