टाकीमामांचा अंगठा आणि चार ओळी

दगडावर अक्षरं कोरणाऱ्या टाकीमामांचा एकच हट्ट. दगड ज्याने करायला सांगितला, त्याने मजकूर तोंडाने म्हणून दाखवायचा, मगच ते टाकी लावत. एक गिऱ्हाईक स्वतःच्या सासऱ्याचं नाव घेताना अडखळलं, तर मामांनी त्याला चहा पाजून घरी धाडलं!

हाच हट्ट परवा त्यांच्या अंगठ्यावर शेकला.

मागच्या गल्लीतल्या म्हातारीने नवऱ्याच्या स्मारकासाठी काळा दगड सांगितला होता. वर चार ओळींचं बुद्धवचन हवं, वैर सोडा असं सांगणारं. दोन्ही लेक कागद घेऊन हजर. थोरला बसड्रायव्हर, त्याच्या कागदावर ओळी पालीत. धाकटा प्राध्यापक, त्याच्याकडे संस्कृत. म्हातारी येऊन म्हणून दाखवेपर्यंत टाकी लागणार नव्हती, म्हणून मामांनी थोरल्याच्या ओळी नुसत्या खडूने दगडावर उतरवल्या, एवढंच निमित्त झालं.

"पुसा ते," धाकटा म्हणाला. "मोठमोठ्या विहारांतले ग्रंथ संस्कृतात होते. बाबांना शोभेल असं लिहा."

"बाबा रोज पालीत म्हणायचे. बुद्धांनी लोकांच्या बोलीत सांगितलं, तुझ्या पंडितांच्या नाही."

"पाली तरी हुबेहूब त्यांची बोली कुठे, दादा? तीही ग्रंथांत घडलेली. स्टेअरिंग सोड आणि जरा वाच."

स्टेअरिंगचं नाव काढलं आणि थोरल्याने कानफटात लगावली. चष्मा गेला दगडाच्या भुकटीत, विद्वत्ता गेली उडत! धाकट्याने कपाळाने थोरल्याचं नाक फोडलं. थोरल्याने त्याची मान धरून तोंड पाण्याच्या पिंपात कोंबलं. खडूच्या अक्षरांवर रक्ताचे शिंतोडे. धाकटा कसाबसा सुटला, हातोडा उचलून थेट ओळींवर धावला. तीन आठवडे घासलेला दगड! मामांनी हात आडवा घातला.

अंगठा फुटल्याचा आवाज दारात पोचलेल्या म्हातारीनेही ऐकला.

मामा पांढरेफटक पडले होते. फडकं आवळत म्हणाले, "वहिनी, दगड तुम्ही सांगितलात. म्हणा."

तिला अक्षरओळख नव्हती. डोळे मिटून तिने चारही ओळी पालीत म्हटल्या. दुसऱ्या ओळीनंतर नवरा घसा खाकरायचा, तिथे तीही खाकरली.

"ठरलं तर," मामा म्हणाले. "उजवा गेला, हातोडा डाव्याने मारीन. टाकी धरायला या, प्राध्यापक."

"मी?"

"तुमची बोटं शाबूत आहेत ना? हलू नका, मला डाव्याची सवय नाही."

पहिला घाव टाकीवर बसला. दुसरा बोटांवर. धाकटा कळवळला, पण टाकी सोडली नाही. थोरल्याने नाक पुसलं आणि दगड घट्ट धरला.

"चुकून लागला का हो?" म्हातारीने विचारलं.

मामांनी तिसरा उगारला.