राहून गेलेलं नाव

मुलुंडला आमच्या सोसायटीसमोरच्या बागेत एक दगडी खांब आहे. समुद्रापलीकडच्या लढाईत मेलेल्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली आहेत. बागेचे माळीकाका रोज सकाळी तो खांब ओल्या फडक्यानं पुसतात, पायथ्याशी तांब्याभर पाणी ठेवतात आणि शाळेतल्या हजेरीसारखं एकेक नाव पुकारतात. प्रत्येक नावानंतर जरा थांबतात, हातानं ‘बस’ अशी खूण करतात, मग पुढचं.

मी यवतमाळकडचा. शाळा सातवीतच सुटली. वॉचमनची ही नोकरी काकांनीच शब्द टाकून मिळवून दिली. त्यामुळे परवा त्यांचा घसा बसला आणि ते मला हजेरी घ्यायला म्हणाले, तेव्हा नाही म्हणवेना. जोडाक्षरांची मला अजून धास्ती आहे. ते काकांना कळू नये, एवढंच मनात होतं. एक अवघड नाव आलं, ते गुपचूप गाळलं आणि शेवटपर्यंत गेलो.

“एक राहिला रे,” काका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“तुम्ही मोजत होता काय, काका?”

“मोजायचं कशाला? बाकीचे बसले. तो उभाच आहे ना.”

ते खांबाकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यामागे बघत होते.

मी वळलो नाही. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत ते नाव वाचलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा आलं. काकांनी हातानं खूण केली.

माझ्या मागे, अगदी जवळ, वाळलेली पानं चुरली. कुणी मांडी घालून बसावं तशी.