ओ मी देतो

उपचाराच्या खोलीतून बाहेर पडताना त्यांनी रुग्णाला कधी पाठ दाखवली नाही. टेबलावर माणूस झोपवून झाला, अंगावरच्या खुणा जुळल्या, की बाकीचे भराभर बाहेर निघत. निघावंच लागतं, कारण किरण सुरू असताना आत फक्त रुग्ण थांबतो. फिक्सभाऊ मात्र हात वर धरून, टेबलाकडे बघत, उलट्या पावलांनी मागे सरकत. "मी पाहून राह्यलो हं," असं म्हणत. वळणावर त्यांचा खांदा दर वेळी भिंतीला घासे. तेवढ्याच जागेचा रंग उडाला होता. तुम्ही तिथे गेलात तर बघा, अजून दिसेल.

चंद्रपुरात कण पळवणारं यंत्र आहे म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. कोळसा, वीज आणि वाघ, यापलीकडे आमच्याकडे काही असू शकतं हे त्यांना पटतच नाही. पण आहे. कर्करोगाच्या रुग्णालयात, जाड भिंतींच्या आत. नळीतून इलेक्ट्रॉन सुसाट पळवायचे, धातूवर आदळवायचे आणि त्यातून निघालेला किरण नेमका दुखण्यावर सोडायचा. आमचे लोक त्याला 'शेक' म्हणतात.

तो शेक किती, कुठे, किती खोल, हे ठरवणारे ते भौतिकतज्ज्ञ. पाटीवर 'फिजिक्स' लिहिलेलं. रुग्णांनी त्याचं 'फिक्स' केलं आणि ते फिक्सभाऊ झाले.

"बरोबरच हाये," ते म्हणत. "तुम्हाले टेबलावर फिक्स करणारा मीच त हावो."

रोज सकाळी ते यंत्राखाली पाण्याची टाकी ठेवून किरण मोजत. बाकड्यांवर बसलेल्या बाया कुजबुजत, "मशीन आंघोळ करून राह्यली, थांबा लागते." स्क्रीनवरचा आकडा चांगला असला तरी ते पाण्याला विचारल्याशिवाय यंत्र सुरू करत नसत.

मी तिथे रुग्णांसाठी माहितीपत्रकं लिहायला गेले होते. आमच्या घरात गादीखाली, पिठाच्या डब्यावर, सगळीकडे चळवळीची पत्रकं असत. त्यांवरच मी अक्षरं गिरवली. छापलेल्या कागदानं जग हलतं यावर माझा पूर्ण विश्वास. फिक्सभाऊ मला 'पत्रकवाली' म्हणत आणि माझं प्रत्येक पत्रक वाचून एकच शेरा देत, "मस्त. आता हे माह्या मायले समजन असं लिव."

मग यंत्राचं जुनं नियंत्रण काढून नवं बसवायचं ठरलं. नवे पडदे, नव्या तारा, किरणावर क्षणोक्षणी लक्ष ठेवणारे नवे मापक आले. त्यात एक गोष्ट फिक्सभाऊंनी हट्टानं मागून घेतली होती. डाव्या स्तनाचा शेक देताना हृदय किरणाच्या वाटेत येतं. रुग्णानं खोल दम घेऊन धरला, तर ते बाजूला सरतं. नवा कॅमेरा छातीचा चढउतार बघणार, पडद्यावरची रेघ हिरव्या पट्ट्यात असेल तरच किरण सोडणार, बाहेर गेली की तत्क्षणी बंद. दम कधी धरायचा हे छतातला ध्वनिमुद्रित आवाज सांगणार.

यंत्र सुरू झालं आणि किरण सारखा तुटू लागला. आवाज म्हणायचा, "कृपया दीर्घ श्वास घ्या व रोखून धरा." बाईचा स्वच्छ, इस्त्री केलेला आवाज. रेघ पट्ट्यात चढायची आणि लगेच घसरायची. एकीची नाही, बहुतेक सगळ्यांची.

कंपनीचा इंजिनीअर वैतागला. "सर, हे पेशंट कोऑपरेट करत नाहीत. श्वासाचं बंद करून टाकू. साधा शेक देऊ."

"आन् हृदयाचं?"

"पूर्वी देतच होतात ना?"

"पूर्वी इलाज नव्हता. आता हाये." ते शांतपणे म्हणाले. "किरण तुटते म्हणजे मशीन बरोबर करून राह्यली. चुकून राह्यलो आपण."

त्यांनी आठवड्याची मुदत मागून घेतली. मी रागानं पत्रक लिहिलं, मोठ्या अक्षरात: 'सांगितल्याशिवाय श्वास सोडू नये.' आमच्या माणसांवर खापर फोडणाऱ्यांवर माझा राग होता, पण पत्रकात मीही माणसांनाच दटावत होते. आणि त्यानं काहीही फरक पडला नाही.

पोंभुर्ण्याकडच्या एक बाई होत्या. रानात तेंदूपानं तोडून हात काळे पडलेले. एके दिवशी त्यांनी पिशवी उचलली आणि चालू लागल्या. भाऊ त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले.

"काऊन बाई? कुठी निघाल्या?"

"घरी. मशीनले मी पटत नाई. मी ओ म्हणतो, आन् ते रागानं बंद होते."

"ओ म्हणता?"

"मंग? थे बाई वरून आवाज देते, दम धर म्हणते. आवाज देल्ला त ओ द्या लागते ना भाऊ. नाई देल्ला त तिले वाटन, आतमंदी कोनी हाये का गेली."

 भाऊ हसू लागले. हसताना डोळे पुसत होते.

सगळ्या बाया त्या आवाजाला ओ देत होत्या! दार बंद, खोलीत कुणी नाही, अंगावर एवढं मोठं यंत्र, आणि कुणीतरी हाक मारतंय. माणूस ओ देणारच. बाहेर ऐकू न येणाऱ्या त्या एका अक्षराएवढा दम सुटत होता आणि किरण तुटत होता.

"बोलू नका असं नवीन रेकॉर्डिंग करू," इंजिनीअर म्हणाला.

"नाई. ओ कोनीतरी द्या लागन."

दुपारी नियंत्रणकक्षाचं दार लावून ते स्वतःच्या आवाजात मुद्रण करायला बसले. पहिल्या खेपेला बाहेरून चहावाल्याची हाक आली आणि भाऊंनी सवयीनं त्यालाही ओ दिला. इंजिनीअर पोट धरून हसला. पुन्हा केलं. शेवटी जमलं ते असं:

"बाई, मी बाहेर हावो. खोल दम घ्या. धरा. तुम्ही चूप राहा, ओ मी देतो." मग थोडी जागा. मग हळूच, "ओ." आणि नंतर, "सोडा."

दुसऱ्या दिवशी पोंभुर्ण्याच्या बाईंची रेघ हिरव्या पट्ट्यात चढली आणि तिथेच राहिली. किरण पुरा झाला. भाऊ पडद्याकडे बघत म्हणाले, "पाह्य पत्रकवाली, ओ देणारा असला का माणूस चूप राहू शकते."

ते जटपुरा गेटाच्या आतल्या बाजूला एका खोलीत राहत. डबा यंत्राशेजारी बसूनच खात. मी एकदा विचारलं, घरी कोण असतं?

"कोनीच नाई. माय होती तोवर ती आवाज द्याची. आता घरी ओ साचून राह्यते. थो इथी खर्च करतो." विनोद केल्यासारखे ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावू लागले. झाकण बसत नव्हतं. ते पुन्हापुन्हा दाबत राहिले.

त्यांच्या शेजारच्या ऑटोवाल्या चाचांनी नंतर मला सांगितलं, "बेटा, मी सकाळी आवाज देल्ला. भाऊ ओ देल्ल्याबिगर राह्यत नाई. तेव्हाच समजलो. मंग कडी तोडली."

भाऊ गेले, आणि यंत्र एक दिवस बंद राहिलं. मग दुसऱ्या शहरातून नवे भौतिकतज्ज्ञ आले. त्यांनीही पाण्याची टाकी लावली, यंत्राची आंघोळ झाली, शेक सुरू झाला.

सावली तालुक्यातल्या एका बाईंचा तो पहिला दिवस होता. बाहेर येऊन, पदर सारखा करत त्यांनी विचारलं, "थे आवाज देणारे भाऊ कोनते? भेटून जातो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. खोटं लिहिणाऱ्यांची मला चीड आहे. तरी मी म्हणाले, "इथंच असतात बाई. कामात आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वेळेला मी नियंत्रणकक्षात जाऊन उभी राहिले. पडद्यावर त्या एकट्या दिसत होत्या. दार बंद झालं. छतातून भाऊंनी हाक मारली, मी बाहेर हावो म्हणाले, दम धरायला सांगितलं. रेघ वर चढली, थांबली. ओ मी देतो, असं म्हणून त्यांनी ती थोडी जागा सोडली.

आत बोलायचं बटण माझ्या हाताजवळ होतं. मी ते दाबलं नाही. भाऊंचा ओ येण्याआधी, बाहेरच्या बाहेर, मी ओ दिला.